वेळ नसलेल्यांचा ठेवा

ऑनलाइन खात्यांतील साठवण संपल्याच्या इशाऱ्यांवरून उठणाऱ्या गदारोळात कंपन्यांवरची आगपाखड सर्वांनी वाचलीच आहे. मात्र आपली छायाचित्रे आणि पत्रव्यवहार परक्याच्या यंत्रावर सोडून त्यांची एकही प्रत घरी न आणणाऱ्या खातेदाराला कोणी जाब विचारला नाही. पासवर्ड आठवत नाही, तंत्र जमत नाही, या सबबी एक वेळ क्षम्य धरता येतील. ‘वेळच मिळत नाही’ ही सबब मात्र निरखून पाहण्याजोगी आहे.

गूगलचे ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, तरी तेथील आपला मजकूर उतरवून घेण्यास गूगलने सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत दिली होती, म्हणजे मधल्या दोन दिवाळ्या आणि दोन उन्हाळी सुट्ट्याही अनेकांना अपुऱ्या पडल्या. गूगलची ‘टेकआउट’ ही खात्यातील ऐवजाचा गठ्ठा बांधून देणारी सोय २०११ पासून उपलब्ध आहे. तीत खातेदाराने केवळ मागणी नोंदवायची असते, बांधाबांध यंत्र करते आणि तेवढ्या वेळात खातेदाराला खुशाल झोपता येते. गठ्ठ्याचा दुवा आठवडाभर चालू राहतो. तोही उलटून जातो, कारण वेळ नसतो. झेंडूच्या फुलांवर सुविचार छापलेली चित्रे रोज पहाटे साऱ्या गोतावळ्याला धाडण्यास मात्र याच मंडळींना फुरसत सापडते, आणि अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सअ‍ॅपच्या राखीव प्रती आता गूगलच्या १५ जीबी मोफत जागेतच मोजल्या जात असल्याने तो झेंडूही तेथेच साचतो.

खात्यात एकट्या खातेदाराचे आयुष्य नसते; आजीचा आवाज आणि भावंडांची लग्नेही तेथेच असल्याने तो त्या ऐवजाचा विश्वस्त ठरतो. २०१६ पूर्वी चढवलेली गाणी व छायाचित्रे सर्व्हर बदलताना नष्ट झाल्याची कबुली मायस्पेस या समाजमाध्यमाने २०१९ मध्ये दिली, तेव्हा भरपाई मागण्याजोगे कोणाच्या हाती काही उरले नव्हते. स्वतःची हार्ड डिस्कही बिघडते, म्हणून दोन प्रती दोन निराळ्या घरांत असाव्यात. झेंडू वगळला तरी चालेल, पुढची पिढी दुवाच देईल.

युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या माहिती संरक्षण नियमावलीने आपली माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात मागून घेण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. भारताच्या २०१९ च्या माहिती संरक्षण विधेयकातही तो होता. २०२३ च्या कायद्यातून तो गळाला आणि त्याविरुद्ध खातेदार रस्त्यावर उतरले नाहीत, बहुधा वेळ नसावा.