दुसऱ्याचे दुःख आणि आपली साक्ष

बेळगावकडील आपल्या मंडळ्यांत बाबा पदमनजींचे नाव मोठ्या अभिमानाने घेतले जाते. ते साहजिकच आहे. १८३१ साली बेळगावात त्यांचा जन्म झाला, १८५४ साली तेथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ साली त्यांचे ‘यमुनापर्यटन’ छापून निघाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून बहुतेक अभ्यासक तिचाच निर्देश करतात. पुस्तकाचे नाव पुष्कळांना पाठ आहे, ते उघडून वाचणारे मात्र थोडे.

यमुना आपला पती विनायक याच्याबरोबर प्रवासास निघते आणि वाटेत ठिकठिकाणी तिला विधवा भेटतात. केशवपन, उपास, घरच्यांचे टोमणे, जन्मभराची कुचंबणा, हे सर्व ती पाहते, ऐकते. पुढे विनायक वारतो आणि जे इतरांचे पाहिले तेच यमुनेच्या वाट्यास येते. अखेरीस ती ख्रिस्ती होते व पुन्हा विवाह करते.

या शेवटावरच आक्षेप घेतला जातो. विधवांचे दुःख लेखकाने आपल्या धर्माचा पुरावा म्हणून वापरले, असे टीकाकार म्हणतात. हे ऐकून आपण रागावतो. पण वाचकहो, प्रश्न खरा आहे. दुसऱ्याचे दुःख सांगताना आपण त्या माणसाची बाजू मांडतो, की त्याला आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभे करतो? दर आठवड्यास उपदेशात दुःखितांची उदाहरणे देणाऱ्या आम्हां प्रचारकांना तर हा प्रश्न विशेष लागू पडतो.

उत्तर शोधण्यासाठी कादंबरीशेजारी दुसरी पुस्तके ठेवावी लागतात. पहिले अर्थात ‘अरुणोदय’, म्हणजे बाबांचे स्वलिखित चरित्र. घरातील धर्माचरण, शाळा, मुंबईतील परमहंस मंडळी, मनातील झगडा हे सर्व त्यात आले आहे. मात्र ते १८८८ सालचे आहे. कादंबरी लिहिणारा पंचविशीतला तरुण नुकताच घरादाराला अंतरलेला होता. चरित्र लिहिणारे गृहस्थ साठीकडे झुकले होते. उजाडल्यावर माणूस रात्रीची वाट आठवतो तेव्हा ती त्याला सरळच वाटते. मलप्रभेचा उगम आमच्या कणकुंबीत आहे, पण उगमाचे कुंड पाहून पुढची नदी कळत नाही. तिला कृष्णेपर्यंत जायचे असते. लेखकाच्या चरित्रावरून त्याचे पुस्तक उलगडणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरा कागद कायद्याचा. हिंदू विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ साली, म्हणजे कादंबरीच्या आदल्याच वर्षी झाला. त्यात एक कलम असे होते की, पुनर्विवाह करणारीचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क जाईल. परवानगी मिळाली खरी, पण घर गेले. हे लक्षात घेतले म्हणजे यमुनेचा शेवट केवळ प्रचार वाटत नाही. समाजात राहून तिला दार कोण उघडणार होते? तरीही मला एक गोष्ट खटकते. यमुना सुटली, वाटेत भेटलेल्या त्या बाकीच्या बायांचे काय? त्यांची हकिगत यमुनेच्या मार्गावरचा मुक्काम होऊन मागे राहते. बाबांनी त्यांना बोलते केले हे त्यांचे मोठेपण, पण त्या बोलल्या तेवढ्या बाबांच्या लेखणीनेच.

म्हणून तिसरे पुस्तक हवे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली, वर्तमानपत्रांत स्त्रियांवर तोंडसुख घेतले गेले, आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना जाब विचारला. हे ताराबाईंचे पुस्तक आपल्या स्त्रियांच्या सभेत ‘यमुनापर्यटना’बरोबर वाचावे. ताराबाई कोणत्याच धर्माच्या वतीने बोलत नाहीत. त्यामुळे आपल्याला त्या अडचणीच्या वाटतील. वाटू द्यावे.

जुनी भाषा अडेल अशी भीती बाळगू नये. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची संक्षिप्त आवृत्ती १८६३ साली निघाली, ती तयार करणारे बाबा पदमनजीच होते.