छप्पर उकरणारे चौघे



कफर्णहूम येथे प्रभू येशू एका घरात शिकवीत होता. दारात पाय ठेवायला जागा नव्हती. चौघांनी एका पक्षाघाती माणसाला खाटेवर आणले. वाट मिळेना, तेव्हा ते वर चढले, छप्पर उकरले आणि त्याला खाटेसकट प्रभूपुढे सोडले (मार्क २:१-१२). स्लॅबच्या घरात वाढलेल्याला छप्पर ‘उकरणे’ म्हणजे काय ते चटकन कळत नाही. आपल्या उमरगा-लोहारा भागात ते सांगावे लागत नाही. लाकडी तुळया आणि वर मातीचा थर, आपले माळवद तसेच.

त्याच माळवदाने ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी घात केला. गणेश विसर्जन करून लोक नुकतेच निजले होते. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या, वरची माती खाली आली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत सुमारे ८ हजार माणसे गेली. जी घरे तगली, त्यांच्या दुरुस्तीत पुढे माळवदावरची माती कमी करण्याचे, भिंतीचे दोन्ही थर एकमेकांना बांधून घेण्याचे काम आले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ झाल्या आणि घरोघरी जाऊन हे काम समजावू लागल्या. त्या इंजिनिअर नव्हत्या.

संत मार्क म्हणतो, येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. तो दिसला मातीने भरलेल्या हातांत. (उकरलेले छप्पर पुन्हा कोणी घातले, हे मार्क सांगत नाही. मला वाटते, त्या चौघांनीच घातले असावे.)

आपल्याकडे चाकाच्या खुर्च्या वाटल्या जातात, हार घातले जातात, फोटो निघतात. खुर्ची घरी येते आणि उंबऱ्याशी अडते. महिन्याभरात तिच्यावर कपडे वाळू लागतात आणि माणूस पुन्हा बाजेवर. म्हणून दारापुढे उतार हवा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरावी; अर्ध्या फुटाच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट. अंगण अपुरे असेल तर वळण द्यावे, पण चढ वाढवू नये. खुर्ची ढकलणारी बहुधा म्हातारी आई किंवा बायको असते. उतरताना ती तिच्या हातून सुटेल. दारापाशी खुर्ची थांबेल एवढी सपाट जागा, कडेला चार बोटे उंच बांध, आणि वरचा कोबा खरखरीत.

सुरुवात आपल्या मंदिराच्या पायऱ्यांपासून करू या. ज्यांना आपण घरी ख्रिस्तशरीर नेऊन देतो, त्यांच्यापैकी काहींना आजारापेक्षा पायऱ्याच जास्त अडवतात.

पुढील रविवारी मिस्सानंतर गवंडी, सुतार आणि युवकांनी थांबावे. टेप आणि वही आणावी. शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याचे नाव सुचवावे. मात्र आधी त्याला विचारावे की दार कोणत्या बाजूने उघडते आणि त्याला जायचे कुठे आहे. पहिल्या दिवशी फक्त मापे घेऊ.