ती साउंडिंग का उडवलीस?

11.8 मीटर खोलीची ती साउंडिंग तू कुणाला विचारून उडवलीस? आजूबाजूला चौदा मीटर पाणी, मधेच सोनारचे तीन पिंग उथळ आले, की ‘नॉइज’ असा शेरा मारून मोकळा! शेजारच्या लाइनवर नेमका त्याच जागी तोच उठाव आहे, तोही तू काढून टाकलास. नॉइज दोन वेगळ्या लाइनींवर एकाच अक्षांश-रेखांशावर येतो का रे कधी? क्रॉस लाइन घेतली नाहीस, वॉटर कॉलमचा डेटा उघडून पाहिला नाहीस. बुडालेल्या बार्जची डोलकाठीसुद्धा अशीच दिसते. हे काम स्पेशल ऑर्डरचं आहे. आंतरराष्ट्रीय हायड्रोग्राफिक संघटनेच्या एस-44 मानकाप्रमाणे तिथे एक मीटरची वस्तूही निसटता कामा नये, आणि तुझा उठाव दोन मीटरहून उंच आहे. तरी रिपोर्टवर सही ठोकलीस.

वर म्हणतोस, ‘कायदा कॅप्टनसाठी, आपण फक्त खोली मोजतो.’ हे वाक्य पुन्हा माझ्या कानावर येऊ देऊ नकोस. समुद्री सुरक्षेच्या सोलास कराराच्या पाचव्या प्रकरणातला नियम 27 कॅप्टनला पुरेसे आणि अद्ययावत चार्ट बाळगायला लावतो. म्हणजे त्याने तुझ्या आकड्यावर विसंबावं, हे कायद्यानेच ठरवलंय. सागरी कायदा कराराचं कलम 24 सांगतं की आपल्या प्रादेशिक समुद्रातला माहीत असलेला धोका किनारी राष्ट्राने जाहीर केलाच पाहिजे. तू तो पडद्यावरच मारलास, तर डेहराडूनच्या हायड्रोग्राफिक कार्यालयाला कळणार कसा?

आणि आकडा चुकला तर जबाबदार कोण, हेही ऐक. 1951 साली इंग्लंडमध्ये कँडलर खटला चालला. खटला हिशेबनिसांचा, पण न्यायमूर्ती ॲस्क्विथ यांनी उदाहरण घेतलं हायड्रोग्राफरचं: नकाशात खडक दाखवायचा राहिला आणि ‘क्वीन मेरी’ ही बोट त्यावर आदळली, तर लाखो पौंडांची भरपाई त्याच्याकडून मागायची का? तेव्हा बहुमत हिशेबनिसांच्या बाजूने गेलं. 1963 मध्ये हेडली बर्न खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निकाल चूक ठरवला. करार नसला तरी, ज्याच्या कौशल्यावर समोरचा विसंबलाय हे त्याला ठाऊक आहे, त्याच्यावर काळजी घेण्याची जबाबदारी येऊ शकते.

आणि 7 ऑगस्ट 1992 ला मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ ‘क्वीन एलिझाबेथ 2’ ही बोट खरोखरच खडकाला घासली. चार्टवर 39 फूट पाणी होतं, आकडा 1939 च्या सर्वेक्षणातला. त्या माणसांपाशी सगळा तळ दाखवणारं साधनच नव्हतं, त्यांना तो खडक दिसलाच नाही. तुझ्यापाशी मल्टिबीम सोनार आहे. तुला उठाव दिसला, आणि तू तो स्वतःच्या हाताने काढलास. कोर्टात काय सांगशील? नाकारलेली साउंडिंगही फाइलमध्ये राहते, हे विसरू नकोस.

उद्या सकाळी मूळ डेटा परत चढव. टाइड आणि साउंड व्हेलॉसिटी तपास, त्या जागेवरून आडव्या लाइनी मार. उठाव खरा निघाला, तर धोक्याची सूचना त्याच दिवशी गेली पाहिजे, रिपोर्ट पुरा व्हायची वाट बघायची नाही. तोवर या रिपोर्टवर माझी सही होणार नाही.