शोकातील रती : एक नैतिक पेच

मृताच्या पश्चात जिवंतांनी किती लवकर सुखी व्हावे, हा प्रश्न नीतिशास्त्रापेक्षा लोकरूढीनेच अधिक हाताळला आहे. सुतकाचे दिवस मोजता येतात. शोकाचे येत नाहीत. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजी प्रेमकादंबरीने हा प्रश्न वारंवार उचलला आहे, परंतु बहुधा त्याचे उत्तर आधी ठरवून. जँडी नेल्सन या अमेरिकन लेखिकेची 'द स्काय इज एव्हरीव्हेअर' (२०१०) ही कादंबरी आपल्या प्रकाराच्या संकेतांना पुष्कळशी बांधलेली असूनही हा प्रश्न अवघडच ठेवते. म्हणून तिची दखल घेणे अगत्याचे ठरते.

उत्तर कॅलिफोर्नियातील एका लहान गावात आजी व मामा यांच्याजवळ वाढलेली सतरा वर्षांची लेनी ही येथील निवेदक. तिची थोरली बहीण बेली नाटकाच्या तालमीत एकाएकी कोसळून मरण पावते. नाटक 'रोमिओ अँड ज्युलिएट' असावे, हा योग जरा अतिच सोयीचा आहे. त्यानंतर लेनी बेलीच्या प्रियकराकडे, टोबीकडे, ओढली जाते आणि त्याच सुमारास गावात नव्याने आलेल्या ज्यो या वादक मुलाच्या प्रेमातही पडते.

भरताने करुण व विप्रलंभ यांतील भेद सांगताना पहिल्याला निरपेक्ष आणि दुसऱ्याला सापेक्ष म्हटले आहे. पुनर्भेटीची आशा उरली नाही की रतीची जागा शोक घेतो. लेनी आणि टोबी यांच्या जवळिकीत ही सीमारेषा पुसट होते. दोघांनाही हवी आहे ती बेली. परस्परांच्या देहात ते तिच्या उरल्यासुरल्या अस्तित्वाचा शोध घेतात. येथे शृंगार दिसतो, पण स्थायी आहे तो शोक. परस्परविरोधी रसांची चर्चा करताना आनंदवर्धनाने स्त्रीपर्वातील भूरिश्रव्याच्या तुटलेल्या हाताचे उदाहरण घेतले आहे. त्या हाताच्या प्रणयचेष्टांचे स्मरण तेथे करुणाला पोषकच ठरते. मात्र तो शृंगार स्मरणातला आहे. लेनीचा घडत असलेला आहे. अंगांगिभावाने रसविरोध मिटेल, कृतीचे औचित्य त्याने सिद्ध होत नाही.

फ्रॉइडच्या शोकविषयक निबंधाचा (१९१७) आधार घेतल्यास ज्यो हाच योग्य मार्ग ठरतो : गेलेल्या व्यक्तीत गुंतलेली कामशक्ती हळूहळू सोडवून ती अन्यत्र वळवणे, हेच शोकाचे कार्य. पण खुद्द फ्रॉइडला ते पुरले नाही. १९२० मध्ये त्याची मुलगी सोफी वारली. ती जिवंत असती तर ज्या दिवशी छत्तीस वर्षांची झाली असती, त्या सुमारास १९२९ मध्ये त्याने बिन्सवांगरला पत्र लिहिले. अशा हानीची भरपाई करणारे काहीही मिळत नाही, आणि मिळू नये हेच ठीक, अशी कबुली त्यात आहे. सिद्धांताने मान्य केलेला पर्याय पित्याने नाकारला.

तथापि लेनीचा पेच पर्यायाचा नाहीच. बेली जिवंत असताना ती स्वतःला शर्यतीच्या घोड्याला सोबत म्हणून बांधलेले तट्टू समजत असे. क्लॅरिनेट उत्तम वाजवत असूनही तिने पुढची जागा मागितली नाही. बहिणीच्या मृत्यूने जी पोकळी निर्माण होते, तिच्यातच तिच्या स्वत्वाला जागा मिळते. प्रेम, संगीत, स्वतःचा आवाज हे सारे ज्या घटनेमुळे शक्य झाले, ती घटना तिला कोणत्याही किमतीवर नको होती. ज्याचा लाभ झाला त्याबद्दल कृतज्ञ होता येत नाही, आणि तो परतही करता येत नाही. केवळ प्रतारणेपेक्षा ही अपराधभावना अधिक मूलगामी आहे. तिला क्षमा करू शकेल अशी एकमेव व्यक्ती हयात नाही.

मृताविषयीच्या या चिंतेत जिवंतांवरचा अन्याय मात्र तिच्या ध्यानी येत नाही. ज्योपासून ती टोबी लपवते. आजीने मुलगी परागंदा होताना पाहिली, आता नात गमावली; तरी लेनी शोकावर जणू एकटीचाच हक्क सांगते. वर्तमानकाळातील प्रथमपुरुषी निवेदनामुळे वाचकही तिच्या आंधळेपणात सामील होतो, आणि आजीचा रोष उसळतो तेव्हा तोही ओशाळतो. निवेदनपद्धतीचा इतका नेमका नैतिक उपयोग या प्रकारात विरळाच.

लेनी कागदाच्या पेल्यांवर, चिठोऱ्यांवर कविता लिहून गावभर टाकते. कादंबरीत प्रत्येकीखाली ती कोठे सापडली याची नोंद आहे. सापडली म्हणजे कोणीतरी उचलली. कोणालाही उद्देशून न लिहिलेल्या शोकाला वाचक लाभल्याची ही खूण शेवटच्या मनोमीलनापेक्षा कितीतरी अर्थपूर्ण आहे. ते मनोमीलन प्रकाराच्या दंडकानुसारच घडते. टोबीसाठी मात्र लेखिका नवी प्रेयसी शोधत नाही. बेली गरोदर होती हे उघड झाल्यावर त्याची हानी दुहेरी असल्याचे कळते, आणि तिच्यावर कादंबरी कोणताही उतारा देत नाही.