सांभाळून घेणाऱ्याची नोंद

इंजिनाचा स्वभाव पळताना नाही, उभं असताना कळतो. हायवेवर वेगात बरंच काही झाकलं जातं. सिग्नलला मात्र त्याला स्वतःला चालू ठेवण्यापलीकडे काम नसतं. चार सिलिंडर, ८०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला १६०० स्फोट. त्यातले थोडे कच्चे पडले तरी स्टिअरिंग थरथरतं आणि आरशातली मागची गाडी हलायला लागते. गॅरेजच्या भाषेत, गाडी 'मिसिंग मारते'.

आमची जुनी पेट्रोल गाडी गेल्या पावसाळ्यात हेच करत होती. मिस्त्रींनी प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली. फरक नाही. मग चेक इंजिनचा दिवा लागला. कोड निघाला पी ०१७१: मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलून बघू," मिस्त्री म्हणाले.

'बदलून बघू' हे दुसऱ्याच्या पैशांनी केलेलं अनुमान असतं, हा एक मुद्दा. पण मला जास्त खटकलं ते वेगळंच. हा सेन्सर सायलेन्सरच्या वाटेवर बसून जळून आलेल्या धुरात किती ऑक्सिजन उरला ते सांगतो. दर ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा हवी. हवा जास्त दिसली की तो कळवतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. म्हणजे जो निरोप आणत होता, त्यालाच आपण काढून टाकणार होतो. ऑफिसातही हे रोज दिसतं. ज्याच्या मॉड्यूलमधून अलर्ट येतो, त्याच्याच नावावर बग चढतो.

मी ब्लूटूथ स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम पाहिला. ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त देतोय, तो हा आकडा. उभ्या गाडीत २२ टक्के, २५०० आरपीएमला जेमतेम ५. इथेच बरंचसं उत्तर होतं. सेन्सर खोटं बोलत असता तर दोन्हीकडे बोलला असता. कुठेतरी भेग होती, आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून हवा आत शिरत होती. उभं असताना इंजिन मुळातच थोडी हवा घेतं, म्हणून तेवढीशी चोरीही मोठी ठरते. रेस दिली की ती एकूण हवेत हरवते. इंजिनातली वाफ परत आत नेणारा रबरी पाइप खालच्या बाजूने तडकला होता. बोटाने दाबला तर थरथर थांबली. नवा पाइप दोनशे रुपयांच्या आत आला.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण तो २२चा आकडा डोक्यातून जाईना. दिवा बऱ्याच गाड्यांत २५ टक्क्यांच्या आसपास लागतो. म्हणजे तोवर ईसीयू बिनबोभाट सांभाळून घेत होता, आणि आम्ही 'गाडी बरी चाललीय' म्हणत होतो.

आमच्या घरात आजी तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. कुणीही विचारलं की बाबा सांगायचे, "व्यवस्थित चाललंय." खरंच चाललं होतं, कारण आई रात्री दोनदा उठत होती, तिने शिकवणी बंद केली होती, आणि लग्नकार्यांना जाणं सोडलं होतं. मग एके दिवशी तिला चक्कर आली. बीपी निघालं. गोळी सुरू झाली, चक्कर थांबली, आणि घर पुन्हा व्यवस्थित चालू लागलं. गाडीची बॅटरी काढून परत लावली की दिवा विझतो, ईसीयूची आठवणही पुसली जाते. भेग तिथेच राहते.

सांभाळून घेणं चांगलं की वाईट, हा प्रश्न मला फसवा वाटतो. त्याशिवाय ना इंजिन चालेल, ना घर. माझ्या मते प्रश्न नोंदीचा आहे. ईसीयू सांभाळून घेतो आणि आकडाही ठेवतो. विचारलं तर सांगतो. माणसाकडून मात्र आपण सांभाळून घेण्याबरोबर आकडा पुसण्याचीही अपेक्षा ठेवतो, आणि त्या पुसण्याला समजूतदारपणा म्हणतो. मग भेग शोधायची जबाबदारी कुणाचीच उरत नाही. ज्यांच्या वाट्याचं काम दुसरा उचलतो, त्यांना ते खरोखर दिसत नाही. आणि मला वाटतं, हे न दिसणं निरागस नसतं. स्कॅनर लावायला कुणी अडवलेलं नसतं.

हे सगळं मी आईला सांगितलं. तिला पटलं नाही. "लिहून ठेवलं की हिशोब होतो," ती म्हणाली, "आणि हिशोब झाला असता तर तुझ्या आजीला घरात ओझं वाटलं असतं. तुझ्या इंजिनाला लाज नसते."

या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. आजी सगळं ऐकत असायची, हे खरं आहे. पण बाबांना रात्रीचं एक उठणं वाटून घ्यायला हिशोबाची वही कशाला लागली असती, हे मी विचारलं, तेव्हा आई काही बोलली नाही. बाबा शेजारच्या खोलीत होते. टीव्हीचा आवाज थोडा कमी झाला.