पालखीतून खाली उतरूया

श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधात जडभरताची कथा येते. राजा रहूगणाच्या पालखीला एक भोई कमी पडला, म्हणून वाटेत दिसलेल्या या अबोल माणसाला दांडीखाली उभे केले गेले. पालखी हेलकावे खाऊ लागली. राजा रागावला, टोचून बोलला. पायाखाली मुंगी चिरडू नये म्हणून जडभरत जपून पाऊल टाकत होता, हे त्याला दिसलेच नाही. पालखीत बसलेल्याला पायाखालची वाट दिसत नसते.

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी काहींच्या घरात आज अशीच पालखी हेलकावते आहे. दीड वर्षाचे बाळ 'आई', 'पाणी' म्हणत होते, टाटा करत होते. काही आठवड्यांत शब्द थांबले. हाक मारली तरी मान वळत नाही. ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता असलेल्या बऱ्याच मुलांमध्ये, बहुधा दीड ते दोन वर्षांच्या सुमारास, अशी पीछेहाट होते. काहींमध्ये ती उशिरा येते. तीन-चार वर्षांपर्यंत नीट बोलणाऱ्या मुलांनी शब्द गमावल्याचे व्हिएन्नाच्या थिओडोर हेलर यांनी १९०८ मध्येच नोंदवले होते.

अशा वेळी घरातले कोणीतरी आईला विचारते, "गरोदरपणी काय चुकलं? मागच्या जन्मीचं काही असेल का?" हा प्रश्न बाणासारखा लागतो. कॉमर्स शिकताना जमाखर्चाची वही रोज समोर असते. पण कर्माची वही दुसऱ्याच्या नावाने उघडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? कर्मसिद्धान्त कोणाच्या दुःखावर शिक्का मारण्यासाठी नाही. तो आपले पुढचे पाऊल ठरवण्यासाठी आहे. आईच्या मायेत कमी पडल्याने ऑटिझम होतो, हे मत विज्ञानाने केव्हाच मागे टाकले. लसीला दोष देणारा १९९८ चा शोधनिबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. म्हणून स्वतःला दोष देऊ नका आणि मुलाची लसही चुकवू नका.

मग कर्तव्य कोणते? प्रार्थना जरूर करा, पण अंगारा-धुपाऱ्यात महिने घालवू नका. आलेले शब्द हरवणे ही 'होईल हळूहळू' म्हणून वाट पाहण्याची गोष्ट नाही. लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा, कानांची तपासणी करून घ्या. कधी अपस्माराचा एखादा प्रकार भाषा हिरावतो. मुलींमध्ये रेट सिंड्रोम हेही कारण असू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अनेक जिल्ह्यांत लवकर निदान आणि उपचाराची केंद्रे आहेत, तिथे चौकशी करा.

मूल मोठे झाल्यावरही हे घडू शकते. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आंघोळ सोडतो, उंबरठ्यावर बराच वेळ थिजून उभा राहतो, घास हातात तसाच राहतो. लोक म्हणतात, हट्ट आहे, आळस आहे, बाहेरची बाधा आहे. खरे कारण दाढदुखी, बद्धकोष्ठता, फिट, नैराश्य, अतिशय थकवा किंवा कॅटाटोनिया नावाची अवस्था असू शकते. कॅटाटोनियावर उपचार आहेत, पण आधी कोणीतरी ती ओळखायला हवी. बोलता न येणारा आपले दुखणे वागण्यातूनच सांगतो. ओरडण्याआधी त्याच्या पायाखालची मुंगी शोधा.

काही मुलांचे शब्द परत येतात, काहींचे येत नाहीत. काही मुले चित्रे दाखवून किंवा टॅबवर बोट ठेवून बोलू लागतात. कर्म आपले, फळ आपल्या हाती नाही, ही गीतेची शिकवण कुठे कसाला लागत असेल, तर ती इथे. थेरपी मनापासून करावी, पण आपले प्रेम 'आई' या शब्दाची वाट पाहत अडवून ठेवू नये. जुना व्हिडिओ पाहून डोळे भरतात, ते भरू द्या. पण त्या व्हिडिओतले बाळ कुठे गेलेले नाही. तेच बाळ पलीकडे बसून वाटीची कड फिरवते आहे.

रहूगण शेवटी पालखीतून उतरला आणि नतमस्तक झाला. आपणही आज एक छोटा संकल्प करूया. दहा मिनिटे मुलाशेजारी जमिनीवर बसूया. काही शिकवायचे नाही, काही म्हणवून घ्यायचे नाही. ते जिथे पाहते आहे, तिथेच आपणही पाहूया. आपल्या घरात असे मूल नसेल, तर शेजारच्या आईला उपदेश न करता तासभर मोकळा वेळ देऊया. तीही सेवाच आहे.