घरच्या माणसांपुढील साक्ष



मार्ककृत शुभवर्तमानाच्या 5 व्या अध्यायांत गरसेकरांच्या प्रांतांतील एका भूतग्रस्ताची हकीकत आहे. तो थडग्यांत राहत असे, बेड्या व सांखळ्या तोडीत असे, आणि रात्रंदिवस ओरडून आपलें अंग धोंड्यांनीं ठेंचून घेत असे. प्रभूनें त्याला बरें केलें. मग प्रभु मचव्यांत चढत असतां त्यानें विनंती केली कीं, मलाही बरोबर घ्या. ही विनंती वाईट होती असें कोण म्हणेल? आमच्यापुढें असा उमेदवार आला असता तर आम्हीं त्याला लागलाच उपदेशकाच्या कामावर घेतला असता. परंतु प्रभूनें त्याला घरच्या माणसांकडे परत पाठविलें.

हें काम हलकें नव्हतें. परक्या गांवांत त्याला कोणी ओळखत नव्हतें. तेथें तो सांगेल तें लोकांनीं ऐकलें असतें. पण घरच्यांनीं त्याची ओरड ऐकली होती. त्याला बांधावयास आलेल्यांत त्याचेच कोणी नातलग असतील. तो बदलला आहे हें त्याच्या नुसत्या शब्दावरून त्यांनीं मानावें कसें? तो जेवावयास कसा बसतो, राग आला म्हणजे काय करतो, हें त्यांनीं पाहिलें असेल. कदाचित् पुष्कळ दिवस पाहिलें असेल.

आपलीही परीक्षा हीच आहे, आणि खरें सांगावयाचें तर आम्ही उपदेशक लोकच तींत वारंवार नापास होतों. एका रविवारीं आम्हीं क्षमेवर उपदेश केला. दोघांतिघांनीं तो आवडल्याचें सांगितलें, तेव्हां मन थोडें फुगलेंच. घरीं आलों तों भाकरी व्हावयाची होती. आमचें कुटुंबही उपासनेलाच आलें होतें, हें ध्यानांत राहिलें नाहीं. मुलांदेखत आम्ही असें कांहीं बोललों कीं तें येथें लिहवत नाहीं. रात्रीं नेहमीप्रमाणें प्रार्थनेस बसलों, पुस्तक उघडलें, पण शब्द निघेना. अर्पण वेदीपाशीं आणल्यावर भावाच्या मनांत आपल्याविरुद्ध कांहीं आहे असें आठवलें, तर आधीं जाऊन समेट करावा, असें प्रभूचें सांगणें आहे (मत्तय 5 : 23, 24). तो भाऊ नेहमी दुसऱ्या आळींत राहतो अशी आपण सोयीची समजूत करून घेतली आहे. आमच्याविरुद्ध ज्यांच्या मनांत होतें, त्या तर चुलीपाशींच बसल्या होत्या. पुस्तक मिटून आम्ही उठलों. अपराध मुलांदेखत केला होता, म्हणून क्षमाही मुलांदेखतच मागितली. पुरुषाला हें किती जड जातें, तें ज्यानें केलें असेल त्यालाच ठाऊक.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें घर पुष्कळ वाचकांच्या परिचयाचें आहे. 1895 सालीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या बातमीनें लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. कांहीं वर्षांनीं त्या पतीकडे राहावयास आल्या, तरी त्यांनीं सोवळें सोडलें नाहीं. आपलें पाणी व स्वयंपाक वेगळा ठेवला. टिळक मोठे कवि व वक्ते, पण बायकोवर त्यांनीं धर्माचा जुलूम केला नाहीं. 1900 सालीं लक्ष्मीबाईंनीं स्वतःच्या खुषीनें बाप्तिस्मा घेतला. पतीचा शीघ्रकोपी स्वभाव त्यांनीं 'स्मृतिचित्रें' या आत्मचरित्रांत मुळींच लपविलेला नाहीं. आम्हांस वाटतें, याच कारणानें त्यांची साक्ष वजनदार आहे. ज्यांनीं नवऱ्याचे दोष इतक्या जवळून पाहिले, त्यांनींच त्याच्या प्रभूला आपला म्हटलें.

आपल्या गांवांतील कित्येक घरांत एकटी सून किंवा एकटाच मुलगा प्रभूचा झालेला असतो. त्यांस आमची विनंती कीं, घरांत वाद फार घालूं नका. सासूबाईंचे पाय दुखत असले तर चेपा. शब्दावांचूनही माणसें जिंकतां येतात, असें पेत्र लिहितो (1 पेत्र 3 : 1). आणि जे घरचे कर्ते पुरुष आहेत, त्यांस विचारावेंसें वाटतें: बाजाराच्या दिवशीं मजुरीचे सगळे पैसे घरीं पोंचतात काय? ओसरीवरच्या म्हाताऱ्या बापाला दोन वेळां ऊन अन्न मिळतें काय? मंडळीच्या वहींत हें कोणी लिहीत नाहीं, पण घरांतल्या पोरांनाही तें ठाऊक असतें.

त्या गरसेकर मनुष्याला पहिल्या दिवशीं घरच्यांनीं दार उघडलें कीं नाहीं, हें शास्त्रांत सांगितलेलें नाहीं. तो गेला, दकापलिसांत सांगूं लागला आणि सर्वांस आश्चर्य वाटलें, एवढेंच मार्क लिहितो.